शेवटचा नंबर पहिल्या नंबरला भेटायला गेला

शहरं मोजणाऱ्या कंपनीने आमच्या चंद्रपूरला फसवलं. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो. माझा धंदा पाण्याच्या टाक्या आणि ड्रम विकण्याचा आहे. गिऱ्हाइकाला भाव आधी सांगायचा, गप्पा नंतर मारायच्या, ही माझी सवय आहे.

फसवणूक अशी झाली. ही कंपनी आमच्याकडे आली आणि म्हणाली, कोणतं शहर किती कमी साधनांत किती टिकाऊ विकास करतं ते आम्ही मोजणार. याला ते शहराची कार्यक्षमता म्हणतात. सभागृहात एका साहेबांनी गळ्यात माइक अडकवून आम्हाला समजावलं, "शहर म्हणजे मोटारसायकल समजा. पेट्रोल किती घालता आणि किलोमीटर किती पळते, बस्स, एवढाच हिशेब." पाणी, वीज, कोळसा, जमीन हे पेट्रोल. स्वच्छ हवा, आरोग्य, शाळा, हिरवळ हे किलोमीटर. आम्ही टाळ्या वाजवल्या. चहा चांगला होता.

निकाल लागला आणि आमच्या गटात चंद्रपूर शेवटचं आलं. कारण काय, तर हे शहर पाणी, वीज आणि कोळसा फार खातं आणि त्याच्या बदल्यात धूर देतं. आता कोळसा इथे जळतो हे खोटं नाही. ऊर्जानगरच्या वीज केंद्राच्या चिमण्या माझ्या दुकानातून दिसतात. पण त्यातून निघालेली वीज तारांवर बसून राज्याच्या दुसऱ्या टोकाला जाते, तिथल्या मॉलमधले सरकते जिने फिरवते, आणि ते शहर मोठ्यांच्या गटात स्वच्छ हवेसाठी ढाल घेऊन जातं. म्हणजे त्यांच्या गाडीचं पेट्रोल आमच्या नावावर, किलोमीटर त्यांच्या नावावर, आणि वर आम्हालाच विचारायचं की तुमची गाडी एवढी पिते का. बरं, आमच्याकडे वाघ वसाहतीत येऊन भिंतीवर बसतो. ते तरी जैवविविधतेत धरायचं! तेही धरलं नाही. वाघाचा रकाना नव्हता म्हणे.

इथवर असतं तर मी दोन दिवस शिव्या देऊन गप्प बसलो असतो. पण दुर्गापूर रस्त्यावरच्या आमच्या वॉर्डाच्या दवाखान्यात फुप्फुसं तपासायचं यंत्र आणि ते चालवणारा डॉक्टर येणार होता. आमच्याकडे पांढरे कपडे कोणी गच्चीवर वाळत घालत नाही. माझी बायको नसरीन पहाटे खोकायला लागली की समोरच्या घरातला दिवा लागतो, आमच्या गल्लीला दुसरं घड्याळ लागत नाही. त्या यंत्राची फाइल अडली. वरून उत्तर आलं, शेवटच्या शहराने आधी शिकावं, मग मागावं. कसं शिकावं? दोन नागरिकांनी पहिल्या आलेल्या शहराला भेट द्यावी, 'आम्ही काय शिकलो' हा फॉर्म भरावा, सही करावी. फॉर्म पोचला की फाइल हलेल.

वॉर्डातून माझं नाव गेलं, कारण सभेत सगळ्यांत जास्त मी ओरडलो होतो. दुसरं नाव मेश्राम बाईंचं. त्या त्याच दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झालेल्या. मी ओरडलो तर मला गप्प करायला कोणीतरी हवं, असं वॉर्डाने ठरवलं असावं.

एप्रिलच्या सुरुवातीला सकाळच्या एसटीने निघालो. चंद्रपूर सुटलं की थोड्याच वेळात नाकातला कोळशाचा वास जातो आणि जंगल लागतं. सागाची पानं गळून गेलेली, मधूनच पळसाचा शेवटचा लाल तुरा. जंगलावरून विजेचे मनोरे लंगडी घातल्यासारखे एकामागून एक चालले होते. मी मेश्राम बाईंना म्हटलं, "ती बघा, आपली वीज चालली सरकते जिने फिरवायला."

"भाऊ, खिडकी लावा," बाई म्हणाल्या. "ऊन येऊन राह्यलं."

मूलला गाडी थांबली तेव्हा पोहे-तर्री खाल्ली. तर्रीवाला रस्सा वाढताना चमचा तिरका धरत होता. मी त्याचा हात सरळ करून दिला. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे पाहिलं, आणि दोन्ही बाजूंनी मान राखला गेला. पुढे वैनगंगेच्या पुलावर एप्रिलची नदी दिसली: बरीचशी वाळू, आणि तिच्या एका कडेने पाणी, उशिरा आलेल्या पाहुण्यासारखं, अंग चोरून.

गडचिरोलीला गाडी बदलायची होती. स्टँडबाहेर एक बाई टेंभरं (तेंदूची पिवळी गोड फळं) द्रोणात घालून विकत होती. मी म्हटलं, दोन द्रोणांना एकाचा भाव लाव. ती म्हणाली, "काऊन?" मी म्हटलं, मी लांबून आलोय. ती म्हणाली, "म्या काय बलावलं होतं का जी?" आयुष्यात मी कंपन्यांच्या सेल्समनना घाम फोडला आहे. या बाईसमोर मी पाकीट काढलं. दोन द्रोण दोन द्रोणांच्या भावात घेतले. मेश्राम बाईंनी तोंडाला पदर लावला होता, आणि त्या खोकत नव्हत्या.

धानोऱ्याच्या रस्त्याने पुढे गेल्यावर आमचं पहिल्या नंबरचं शहर आलं. नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर आणखी एक तुकडी तिथे मोजायला जाईल. शहर म्हणजे काय, तर कागदावर शहर. एक मोठा रस्ता, त्याला फुटलेल्या गल्ल्या, अंगणाअंगणांत वाळत घातलेली मोहफुलं आणि त्यांचा गोडसर आंबूस वास. वेशीवर भला थोरला फ्लेक्स: 'कार्यक्षम शहर, प्रथम क्रमांक'. त्यावर चौदा चेहरे आणि मध्यभागी एक चकचकीत नळ, त्याच्या तोंडाशी एकच थेंब लोंबकळत होता. चित्रकाराने सत्य परिस्थिती काढली होती, पण ते मला नंतर कळलं.

फ्लेक्सच्या सावलीत निळ्या ड्रमांची रांग होती. मी जवळ जाऊन पाहिलं आणि थबकलो. ड्रमांवर माझ्या दुकानाचा स्टिकर होता. गडचिरोलीचे दुकानदार तीन उन्हाळे माझ्याकडून ड्रम नेतात, मीही खुशाल देतो. ते पुढे कुठे जातात हे मी कधी विचारलं नव्हतं. आता कळलं की पहिल्या नंबरच्या शहरात जातात. ज्या गावात पाणी येतं, तिथे एवढे ड्रम खपत नाहीत, हे सांगायला कंपनी लागत नाही. माझ्या दुकानात येऊन कोणी विचारलं असतं तर चहावर सांगितलं असतं.

नगरपंचायतीच्या कचेरीतल्या बाबूंनी आमचं स्वागत केलं. म्हणजे पंखा आमच्याकडे फिरवला. मी म्हटलं, "आम्ही शिकायला आलोय. एवढ्या कमी पाण्यात तुम्ही शहर कसं चालवता?"

 बाबूंनी कपाटातून एक फाइल काढली. "भाऊ, तुमी मजाक करून राह्यले का? चौथ्या दिवशी नळ येते इथी. जुनी टाकी लहान हाय. दुसऱ्या टाकीचा प्रस्ताव आमी टाकला होता. जागा पाहून झाली, नकाशा झाला. अन् तेवढ्यात पहिला नंबर आला."

"मग? चांगलंच झालं."

"काय चांगलं? प्रस्ताव वापस आला. कमी पाण्यात इतकं चांगलं चालून राह्यलं त दुसरी टाकी कायले पायजे, असं लिवून." त्यांनी फाइल पुन्हा कपाटात ठेवली, हळूच, झोपलेल्या मुलाला ठेवावं तशी. "ढाल पायता का? आतमंदी हाय."

ढाल पाहिली. पितळेची होती. तिच्यात अर्धा पेला पाणीसुद्धा मावलं नसतं.

मला हसू आलं, मग राग आला. शेवटच्याला यंत्र नाही, कारण तो शेवटचा. पहिल्याला टाकी नाही, कारण तो पहिला. असा सौदा मी उभ्या आयुष्यात पाहिला नाही. माल कोणालाच द्यायचा नसेल तर दुकान तरी कशाला मांडायचं? मी आवाज चढवायला सुरुवात केली, पण मेश्राम बाई म्हणाल्या, "या बाबूवर कायले तापता? ते बिचारे चौथ्या दिवशी आंघोळ करून राह्यले." बाबूंनी कॉलरचा वास घेतल्यासारखं केलं आणि आम्ही तिघेही हसलो.

बाबूंनीच आम्हाला कौसल्याबाईंकडे पाठवलं. कौसल्याबाई म्हणजे त्या गल्लीतल्या बचत गटाच्या पुढारी, पन्नाशीच्या, आवाज असा की लाऊडस्पीकरचं भाडं वाचावं. अंगणात मोहफुलं खालीवर करत होत्या. मेश्राम बाईंनी जयभीम केला, त्यांनी केला, आणि पाच मिनिटांत दोघींचं कुठलंसं नातं निघालं. मी बाहेरच्या बाजेवर.

"कोंबडी कापू का जी?" कौसल्याबाईंनी विचारलं. मी नको म्हटलं. त्यांनी माझं आडनाव विचारलं, मी शेख सांगितलं, आणि त्या लगेच म्हणाल्या, "मंग लाखोरीचं वरण खा. त्याले कोनी कापत नाई." भात, लाखोरीचं वरण, अंबाडीची भाजी आणि जवसाची चटणी. चंद्रपूरच्या कुठल्याही हॉटेलात मी असं जेवलो नाही. तांब्यात पाणी मात्र त्यांनी मोजून ठेवलं होतं.

जेवता जेवता मी विचारलं, "ते मोजणारे आले होते तेव्हा तुम्ही काय सांगितलं होतं?"

"पानी किती लागते म्हनून इचारलं. म्या सांगतलं, सा गुंड." (गुंड म्हणजे पाणी भरायचं मोठं भांडं.)

"आणि खरं किती लागतं?"

"खरं?" त्या इतक्या मोठ्याने हसल्या की बाजूच्या घरातली बाई डोकावली. "खरं कायले सांगू बाप्पा? मागं असेच पेनवाले आले, घरं मोजून गेले, अन् घरपट्टी वाढली. मंग म्या साऱ्या बायाइले सांगून ठेवलं होतं, कोनी इचारलं त अर्धंच सांगजा. एकीनं त सांगतलं, आमी पानीच पीत नाई, ताकच पेतो. लिवून घेतलं त्याहीनं."

"लिहून घेतलं?"

"मान हालवून हालवून. शाब्बास म्हने तुमची."

माझा घास हातात राहिला. मेश्राम बाई ताटातलं बोट न काढता माझ्याकडे पाहत होत्या. त्यांना माहीत होतं. सगळ्या वॉर्डाला माहीत होतं.

"शेखभाऊ," त्या म्हणाल्या, "आता आपल्या वॉर्डाचं सांगा नं. सांगा बाईले."

सांगतो, म्हणजे इथेही सांगतो. मोजणारे आमच्याकडे येणार त्याच्या आदल्या दिवशी मी गल्लीगल्लीतल्या माणसांना दुकानासमोर जमवलं होतं. मी म्हणालो होतो, समोरून देणारा येतोय. देणाऱ्यासमोर कमी मागणारा मूर्ख. पाणी दुप्पट सांगा, वीज दुप्पट सांगा, म्हणजे कापून कापून निम्मं तरी पदरात पडेल. आयुष्यभर मी असाच सौदा केला. सायकलवर रिकामे डबे विकत होतो तेव्हापासून. लोकांनी माझं ऐकलं. एका खोलीत राहणाऱ्या एकट्या म्हाताऱ्याने चार कूलर सांगितले. एकाने कूलरचं पाणी बाराही महिने धरलं. एकाने म्हैस सांगितली, जी त्याने विकून दोन वर्षं झाली होती. आणि वॉर्डाचा प्रतिनिधी म्हणून खाली सही माझी होती.

कौसल्याबाईंनी सगळं ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "म्हंजे तुमी जास्त सांगून शेवटचे, अन् आमी कमी सांगून पयले?"

"हो."

"अन् दोघाइलेबी काई नाई?"

"नाही."

"लय हुशार हो आपुन!" त्या म्हणाल्या.

मला राग यायला हवा होता, पण आला नाही. ती बाई आणि मी, एकमेकांना कधी न पाहिलेले, एकाच माणसाशी घासाघीस करत होतो. तिला वाटलं तो वसुलीला आलाय, मला वाटलं तो वाटपाला आलाय. तो दोन्हींपैकी कशासाठीच आला नव्हता. तो फक्त लिहून घेत होता. ताकाचं लिहिलं, म्हशीचं लिहिलं. ना तिच्या अंगणातला नळ फिरवून पाहिला, ना माझ्या वॉर्डातली म्हैस शोधली.

तेवढ्यात गल्लीच्या टोकाहून कोणीतरी ओरडलं, "नळ आला!" आणि पुढचा पाऊण तास कोणी कोणाशी बोललं नाही. कौसल्याबाईंनी ताट ढकललं. मेश्राम बाईंनी साडी खोचली आणि गुंड उचलला, जणू त्या जन्मापासून याच गल्लीत राहत होत्या. माझ्या हातात पाइप दिला गेला. धार करंगळीएवढी. ड्रम भरायला लागला की बायका पाण्याकडे असं पाहत होत्या, जसं आम्ही एक्सरेची फिल्म उजेडात धरून पाहतो.

"टाकीवाले भाऊ," कौसल्याबाई ड्रमाच्या बुडाशी बोट लावून म्हणाल्या, "तुमचा हा ड्रम गळते. तोटी ढिली हाय." मी वाकून पाहिलं. गळत होता. माझाच माल. थेंब थेंब जमिनीत जात होता आणि त्याखाली त्यांनी वाटी लावली होती. मी म्हणालो, नवीन तोटी पाठवतो. त्या म्हणाल्या, "एक नाई. गल्लीतल्या साऱ्या ड्रमाइच्या पाठवा." मी भाव करणार होतो, पण केला नाही. पाठवतो म्हटलं.

परतीच्या गाडीत फॉर्म बाहेर काढला. पहिला प्रश्न: 'पाणी वाचवण्याच्या कोणत्या पद्धती आपण शिकलात?' खाली छान मोठी जागा सोडलेली. दुसरा: 'या शहराचं यश आपल्या मते कशामुळे?' उत्तरं सोपी होती. जे ऐकायचं आहे ते लिहायचं आणि यंत्र आणायचं. मी पेन काढलं. मेश्राम बाई म्हणाल्या, "भाऊ, या कागदावर तुमी 'लय शिकलो' असं लिवाल त आपली फाइल हालंल. पन मंग कौसल्याच्या टाकीचं काय? तुमचीच सही दाखवतीन. पाहा, चंद्रपूरवाले येऊन शिकून गेले, कायले पायजे टाकी."

"आणि नाही लिहिलं तर आपल्या दवाखान्याचं काय?"

"ते मी काय सांगू? माझी सारी नोकरी त्याच दवाखान्यात झाली. रोज सकाळी खोकलेवाल्याइची लाइन मीच लावत होती."

 सावली गाव येईपर्यंत मी पेन हातात धरून बसलो. नसरीनचा पहाटेचा खोकला आठवत होता आणि त्या वाटीतले थेंबही. आयुष्यात पहिल्यांदाच मला दोन्हीकडून नुकसान दिसत होतं आणि घासाघीस करायला समोर कोणीच नव्हतं. साहेब तर त्या सभागृहानंतर आम्हाला कधी दिसलेच नव्हते.

मूलच्या अलीकडे मी लिहिलं. पहिल्या प्रश्नाखाली लिहिलं की या शहरात पाणी वाचत नाही, ते येतच नाही. दुसऱ्याखाली लिहिलं की माझ्या वॉर्डातले आकडे मी स्वतः लोकांकडून वाढवून घेतले होते, म्हशीसकट, आणि इथले आकडे भीतीने निम्मे सांगितले गेले आहेत. दोन्ही ठिकाणी पुन्हा मोजा, या वेळी नळ फिरवून आणि माणसांचा श्वास ऐकून. खाली सही केली. मेश्राम बाईंनी चष्मा लावून सगळं वाचलं, एक शुद्धलेखनाची चूक सुधारली आणि माझ्या सहीखाली आपली केली.

घरी आलो तेव्हा नसरीन दारातच होती. "झाली का सही?" मी काय लिहिलं ते सांगितलं. तिने माझ्या हातातली पिशवी घेतली. मग म्हणाली, "म्हणजे यंत्र येणार नाही." मी म्हटलं, माहीत नाही. ती आत गेली आणि मला तिचा खोकला ऐकू आला, नेहमीसारखाच, अजिबात कमी न झालेला.

फॉर्म जाऊन आता तीन महिने होतील. पोच आली आहे: 'आपला अभिप्राय प्राप्त झाला.' फाइल जागची हललेली नाही. कौसल्याबाईंच्या टाकीचीही हललेली नाही, मी बाबूंना फोन करून विचारलं.

म्हणून मोटारसायकलवाल्या साहेबांना इथेच सांगतो. मी खोटं बोललो, बोलायला लावलं, आणि ते लिहून खाली सही केली. माझ्याकडून जे उत्तर येणं होतं ते आलं. आता तुमचं द्या. चिठ्ठीने नको, माइकवरून नको. एक दिवस चंद्रपूरला या, आमच्या दवाखान्यासमोरच्या रांगेत उभे राहा, मग माझ्याबरोबर त्या गावी चला आणि नळाच्या दिवशी कौसल्याबाईंच्या अंगणात सगळ्यांसमोर सांगा: शेवटच्याला शेवटचा म्हणून नाही आणि पहिल्याला पहिला म्हणून नाही, तर द्यायचं कोणाला, असं ठरवलं होतं? आणि हे ठरवलं कोणी? नाव सांगा.